रोमन सैनिकाच्या हातात क्रॉसबो देताय? मग या चुका टाळा

रोमन आर्मीवर व्हिडिओ बनवायचा असो, गेमसाठी कॅरेक्टर काढायचं असो नाहीतर प्रदर्शनासाठी मॉडेल, एक गडबड हमखास होते. मध्ययुगातला युरोपियन क्रॉसबो (आडवं धनुष्य लावलेलं, खटक्याने बाण सोडणारं हत्यार) उचलायचा, त्याला पाय अडकवायची रिकीब, स्टीलचं धनुष्य, आणि तो सरळ ज्युलियस सीझरच्या सैनिकाच्या हातात द्यायचा. हे अजिबात करू नका, कारण सीझरनंतर हजाराहून जास्त वर्षांनी आलेली वस्तू आहे ती.

सगळ्यात आधी बघायचं ते जोर कुठे साठतो. हे एक कळलं की अर्ध्या चुका तिथेच संपतात. ग्रीकांचं गॅस्ट्राफेटिस घ्या, त्याला खरंखुरं धनुष्य असतं, मागचा वाकडा भाग पोटाला लावायचा, पुढे सरकणारी पट्टी जमिनीला टेकवायची आणि अंगाचा भार टाकायचा, मग पट्टी मागे सरकते आणि खटके दातांमध्ये अडकत जातात. रोमनांच्या हातातल्या मॅन्युबॅलिस्टाला मात्र धनुष्यच नसतं! दोन बाजूंना उभ्या दोन जुड्या, जनावरांच्या स्नायूंच्या दोरीच्या, घट्ट पीळ दिलेल्या, आणि प्रत्येक जुडीत खुपसलेला एक दांडा. जोर सगळा त्या पिळात. त्यामुळे एक अखंड वाकलेली कमान काढून खाली मॅन्युबॅलिस्टा लिहिलं की चित्र तिथेच चुकलं. आर्कुबॅलिस्टा नावाचं धनुष्यवालं हत्यारही होतं पण ते उशिराच्या काळातलं, सैन्यावर लिहिणारा उशिराच्या काळातला रोमन लेखक व्हेजेटियस त्याचं नाव घेतो आणि हे आता सगळ्यांना माहीतच आहे म्हणून वर्णन न करताच पुढे जातो. आपलं नुकसान झालं त्यात.

हाच व्हेजेटियस सांगतो की पूर्वी ज्या बाण फेकणाऱ्या यंत्राला स्कॉर्पिओ म्हणायचे त्याला आता मॅन्युबॅलिस्टा म्हणतात. हे वाचून लोक सीझरच्या काळातला स्कॉर्पिओसुद्धा हातात धरायला देतात. तो स्टँडवर असायचा. इ.स.पू. 52 मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) अवारिकम शहराच्या वेढ्यात तिथला एक गॉल माणूस वेशीपाशी उभा राहून आगीत चरबीचे आणि डांबराचे गोळे टाकत होता, तो स्कॉर्पिओच्या बाणाने पडला, त्याच्या अंगावरून पुढे येऊन दुसरा उभा राहिला, तोही पडला, मग तिसरा, मग चौथा. सीझरने हे स्वतः लिहून ठेवलंय. एकाच जागी परत परत अचूक नेम लागतो कारण यंत्र पक्कं टेकवलेलं आहे.

या यंत्रांच्या लोखंडी फ्रेमचंही तसंच. ती रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावरच्या कोरीव चित्रांत दिसते, म्हणजे इ.स. 113 च्या आसपास. त्याआधी लाकडी फ्रेमवर धातूचे पत्रे. जर्मनीत झांटेनजवळ खडीच्या खाणीत पहिल्या शतकातलं असं एक छोटं यंत्र सापडलंय, मॉडेल बनवणाऱ्यांनी आधी त्याचे फोटो बघावेत. रोमानियातल्या ओर्शोव्याला सापडलेल्या यंत्राच्या लोखंडी भागांवरून हातातलं हत्यार काढू नका, तिथल्या फ्रेमची वरची लोखंडी कमानच मीटरभरापेक्षा लांब आहे. ग्रीक यंत्रलेखक हेरॉनच्या नावावरचा, कायरोबॅलिस्ट्रा या हत्यारावरचा मजकूर मापं देतो, भाग सांगतो, पण ते पूर्ण हत्यार कसं धरायचं हे सांगत नाही, म्हणून ते हातातलं की स्टँडवरचं यावर अभ्यासक अजून भांडतात. तुम्ही एक बाजू घ्या, पण ठाम सत्य म्हणून विकू नका.

आणि क्रॉसबोवाल्यांच्या लांबच लांब रांगा? नको. ते काम तिरंदाज आणि गोफणवाले करायचे. फ्रान्समध्ये ल पुईजवळच्या ज्या रोमनकालीन कोरीव दगडांवर क्रॉसबो स्पष्ट दिसतो तिथे प्रसंग शिकारीचा आहे, लढाईचा नाही.

आता मॉडेल बनवणाऱ्यांसाठी. बाण एका बाजूला जातोय? बहुतेक वेळा दोन्ही जुड्यांचा पीळ सारखा नाहीये. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस स्वतः सैन्याच्या यंत्रांवर काम केलेला माणूस, तो म्हणतो की कारागिराला संगीताचा कान हवा, कारण दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांमधून एकसारखा सूर आला पाहिजे, नाहीतर बाण सरळ जाणार नाही. आजही तेच करा, बोटाने दोन्ही जुड्या छेडून बघा, ज्या बाजूचा सूर खाली आहे तिकडे थोडा थोडा पीळ वाढवा, परत छेडा. घाई केली की फ्रेमच वाकते. काल जोर होता आज नाही असं होत असेल तर ओल बघा, स्नायूची दोरी दमट हवेत सैल पडते. आणि मॉडेल छोटं असलं तरी माणसाच्या दिशेने रोखायचं नाही म्हणजे नाही.

बाणही नीट बनवा. धनुष्याचा लांब, पिसांचा बाण इथे चालत नाही. सीरियात ड्युरा-युरोपोसला सापडलेले बाण आखूड आणि जाड आहेत, मागे लाकडाच्या तीन पातळ पट्ट्या, चौथी बाजू मोकळी, कारण त्या बाजूने तो खोबणीत सपाट बसायला हवा.