सूर्य सकाळी सापडतो, दुपारी हरवतो: लहान रेडिओ दुर्बिणीचं पॉइंटिंग

सूर्यावर डिश लावली आणि सिग्नलचं शिखर दीड अंश बाजूला आलं, की पहिला हात ऑफसेटच्या, म्हणजे डिशच्या कोनात कायमच्या मिळवायच्या दुरुस्तीच्या, रकान्याकडे जातो. तो आवरा. निदान दुपार कलेपर्यंत तरी.

रत्नागिरीची आमची डिश म्हणजे भंगारात जाता जाता वाचलेली आठ फुटी जाळीची. १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, तिचा बीम, म्हणजे एका वेळी ती बघते तेवढा आकाशाचा तुकडा, साधारण ६ अंशांचा. खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशचा बीम याच तरंगलांबीला अर्ध्या अंशाहूनही लहान असतो. विज्ञान दिनाला ते बघून आलेली पोरं म्हणतात, आपल्या एवढ्या रुंद बीमला कसलं आलंय पॉइंटिंग, नेम कशाला धरायचा! तर ऐका.

समजा डिशचा खांब पश्चिमेकडे दीड अंश कललाय. सकाळी डिशचं तोंड पूर्वेला, त्यामुळे ती आकड्यापेक्षा दीड अंश वर बघते. तुम्ही ऑफसेट घालून तिला दीड अंश खाली आणता, सूर्य अगदी मधोमध येतो, सगळे खूश. दुपारनंतर तोंड पश्चिमेला. आता तोच कल तिला दीड अंश खाली बघायला लावतो आणि वर तुमचा सकाळचा ऑफसेट आणखी दीड अंश खाली ओढतो. झाले ३ अंश. ६ अंशांच्या बीमला ३ अंशांची चूक म्हणजे अर्धी शक्ती गेली. मग माणूस एलएनएवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर, संशय घेतो, केबल बदलतो, कनेक्टर उघडून त्यात मीठ शोधतो. हे सगळं मी केलंय. अजूनही कुणी ‘सकाळीच जुळवून ठेवलंय’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून एका वेळची चूक काढून काही कळत नाही, दिवसभराची काढा. तासातासाने क्रॉस-स्कॅन घ्या, म्हणजे डिश सूर्यावरून एकदा आडवी, एकदा उभी फिरवा, आणि चूक अझिमथसमोर, म्हणजे दिशेच्या कोनासमोर, मांडा. सगळीकडे सारखी असेल तर शून्य चुकलंय, ऑफसेट त्यासाठीच असतो. उंचीतली चूक पूर्वेला एका चिन्हाची नि पश्चिमेला उलट आली, तर खांब कललाय. डिश क्षितिजाकडे झुकवल्यावरच वाढत असेल, तर फीडचा डबा, म्हणजे डिशसमोर सिग्नल झेलणारा भाग, लोंबतोय का ते बघा. ऊन असेल तेव्हा फीडची सावली डिशच्या मधोमध पाडा: सावली मध्यावर, पण सिग्नलचं शिखर दुसरीकडे, तर फीड जागेवर नाही.

अझिमथमधली चूक जशीच्या तशी वाचू नका, एलेव्हेशनच्या, म्हणजे क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाच्या, कोसाइनने गुणा. ७० अंश उंचीवर अझिमथचे ३ अंश म्हणजे आकाशात जेमतेम १. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य माध्यान्हीला जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळचे अझिमथचे आकडे सरळ फेकून द्या. ढगांची मात्र काळजी नको, २१ सेंटिमीटरला ते आड येत नाहीत.

कोकणातली एक गोम वेगळीच. खाली झुकवून आडवा स्कॅन घेतला की एका बाजूला डोंगर येतो, दुसऱ्या बाजूला समुद्र. जमीन रेडिओत चांगली तापलेली दिसते, समुद्र त्या मानाने थंड. आलेखाचा पायाच तिरका होतो आणि शिखर डोंगराकडे सरकल्यासारखं वाटतं. आधी तिरकी रेघ वजा करा, मग शिखर शोधा.

खांब तपासायला सॉफ्टवेअर लागत नाही, गवंड्याची पाणसळ लागते. फिरणाऱ्या प्लेटवर ती ठेवा, डिश अर्धी फेरी फिरवा. बुडबुडा जेवढा सरकला त्याच्या निम्मा दोष खांबाचा. बेसखाली पत्र्याचे तुकडे सरकवून तो काढा. चूक सुधारायला सात टर्मचं, म्हणजे सात पदांच्या सूत्राचं, मॉडेल लावून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. सूर्य एका दिवसात आकाशातली एकच वाट चालतो. तेवढ्यावर सात टर्म बसवल्या तर आलेख सुंदर दिसणारच, पण टर्म एकमेकींत गुंतलेल्या असतात. सीनियरने दिलेली कॉन्फिग फाईलही तशीच. ती त्याच्या खांबाची आहे, तुमच्या नाही.

घड्याळही बघून घ्या, ४ मिनिटांची चूक म्हणजे १ अंश. लाईट गेली की डिश फिरवणारी स्टेपर मोटर मोजणी विसरते, परत होमिंग करा, म्हणजे डिश शून्याच्या जागी नेऊन मोजणी नव्याने सुरू करा.

हे सगळं ऐकून घाबरू नका, दोनचार दिवसांत हात बसतो. चूक बीमच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे इथे ०.६ अंशापर्यंत आली, की शक्ती ३ टक्क्यांहूनही कमी घटते. हायड्रोजनची रेषा, म्हणजे आकाशातल्या हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा सिग्नल, बघायला तेवढं पुष्कळ. तिथे थांबा आणि बेसच्या बोल्टना ग्रीस लावून ठेवा. खाऱ्या वाऱ्यात एकदा गंज धरला, की पावसाळ्यानंतर पुन्हा लेव्हल करायच्या वेळी ते सुटत नाहीत.