फ्लानला पडणारी जाळी अशी थांबली

नाताळच्या जेवणासाठी मेक्सिकन फ्लान, म्हणजे अंडी-दुधाचं कॅरमेल पुडिंग, करत होते. तीनदा एकच दोष: कापल्यावर आत इडलीसारखी जाळी, कडा रबरासारख्या, ताटलीत पाणी. अंडी कमी-जास्त केली, कॉर्नफ्लोअर घातलं, फरक शून्य. तिसऱ्यांदा रडूच आलं.

दोष आचेत होता. अंडं फार तापलं की प्रथिनं आवळतात, पाणी सुटतं आणि वाफेची भोकं राहतात.

आता 150 ग्रॅम साखरेचं कॅरमेल मधाच्या रंगाचं झालं की लगेच साच्यात ओतते. मग 5 अंडी, 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 350 मिली कोमट दूध, व्हॅनिला हाताने हलकेच ढवळायचं. मिक्सर अजिबात नको, फेसानेही भोकं पडतात. गाळून 10 मिनिटं ठेवायचं. साच्यावर फॉइल घट्ट बसवायची. खोल ट्रेमध्ये कापड, त्यावर साचा, निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी. ओव्हन 160 अंशांवर, साधारण 50 ते 60 मिनिटं. पण घड्याळापेक्षा फ्लानकडे बघा: कडा घट्ट आणि मध्यभाग थरथरता असतानाच बाहेर काढायचं. मी सुरी स्वच्छ निघेपर्यंत थांबायचे, तिथेच चुकत होतं. साचा पाण्यातून लगेच उचलायचा, निवला की रात्रभर फ्रिजमध्ये.

सकाळी उलटं केलं, काप खरवसासारखा गुळगुळीत.