सागरी काचेला भोक पाडताना आणि विकताना

किनाऱ्यावर सापडणारी, लाटांनी घासलेली काच मी कधीच पॉलिश करत नाही. तो धुरकटपणा हीच तिची शान. दागिन्यासाठी भोक पाडायला तुकडा लाकडी फळीवर ठेवून उथळ ट्रेमध्ये जेमतेम पाण्याखाली बुडवा. ड्रिल बॅटरीवरचंच, डायमंड बिट (हिऱ्याची भुकटी लावलेलं ड्रिलचं टोक) १ ते २ मिमी, वेग कमी, दाब अगदी हलका. मधूनमधून बिट उचला, म्हणजे पाणी आत शिरतं आणि पांढरा गाळ बाहेर येतो. आरपार जायच्या जरा आधी तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूने पाडा, नाहीतर टवका उडतो. कोरडं ड्रिलिंग नकोच. काचेची धूळ फुप्फुसांना घातक.

लाल, नारिंगी तुकडे दुर्मिळ. त्यांना भोक पाडायला माझा जीव होत नाही, चांदीच्या तारेतच गुंफते.

मशीनमध्ये घासलेली काच असेल तर विकताना तसं स्पष्ट लिहा. फोटो खिडकीपाशी काढा, उजेड काचेच्या मागून येऊ द्या.