जर्मन शेजाऱ्यांना फराळाला बोलावताना

श्टुटगार्टला येऊन मला सोळा वर्षं झाली. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत म्हणे, पण इथं येणारी मराठी कुटुंबं बहुतेक पुण्या-चाकणच्या मोटार कारखान्यांतून येतात. नवरात्र संपत आलं की त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, दिवाळीला शेजाऱ्यांना बोलवावंसं वाटतंय, पण आमचं जर्मन ‘डांके’ (आभार) आणि ‘बिटे’च्या (कृपया) पुढं जात नाही. पुढच्या वर्षी बोलावू का?"

याच वर्षी बोलवा. बी-वनची, म्हणजे जर्मनची मधल्या पातळीची परीक्षा पास झालात तरी इथल्या म्हाताऱ्या माणसांची श्वेबिश बोली कळत नाही, मग तुम्ही आणखी एक वर्ष थांबाल. मी अशीच चार दिवाळ्या थांबले. त्या चार वर्षांत माझा शेजाऱ्यांशी संबंध आला तो फक्त कचऱ्याच्या डब्यापाशी.

आमंत्रण तोंडी देऊ नका. आपलं "या हं एकदा फराळाला" इथं लागू पडत नाही. तीन-चार आठवडे आधी छोटं कार्ड पत्रपेटीत टाका. त्यावर तारीख, वार, आणि सुरू होण्याची वेळ तर लिहाच, संपण्याचीही लिहा. ‘चार ते सात’ लिहायला आपला हात धजत नाही, पाहुण्यांना हाकलल्यासारखं वाटतं. त्यांना मात्र त्याने हायसं वाटतं. आणि चार म्हणजे चारच. चारला पाच मिनिटं असताना ते इमारतीबाहेर घड्याळ बघत उभे असतात. म्हणून मी मराठी मंडळींना साडेतीनची वेळ देते, तरी निम्मे साडेचारला येतात.

कार्डावरचा मजकूर फोनमधल्या भाषांतरावर सोडून पाठवू नका, ऑफिसातल्या कुणाला तरी एकदा दाखवा. जर्मनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे, ‘डू’ आणि ‘झी’. वयाने मोठं माणूस आपणहून ‘डू’ म्हण असं सांगेपर्यंत ‘झी’च चालवायचं. माझ्या पहिल्या कार्डात यंत्राने पहिली ओळ ‘झी’ची आणि बाकीच्या सगळ्या ‘डू’च्या केल्या होत्या. म्हणजे ऐंशीच्या आजींना मी "आपण अवश्य यावे, आणि येताना तुझ्या नवऱ्यालाही आण" अशा थाटात लिहिलं होतं. त्यांचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती, हे तर मला ठाऊकच नव्हतं.

शनिवार निवडा. रविवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी शांतता पाळायची असते, आणि रोजच रात्री दहानंतर आवाज करायचा नसतो. ज्यांना बोलावलेलं नाही त्यांच्यासाठी जिन्यात एक चिठ्ठी लावा, की शनिवारी आमचा सण आहे, थोडी वर्दळ होईल, सांभाळून घ्या. या एका चिठ्ठीने निम्म्या तक्रारी वाचतात. फटाके आणू नका. सामान्य माणसाला ते उडवायची मुभा फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला असते.

रांगोळीबद्दल मात्र नीट ऐका. दाराबाहेर स्वस्तिक काढू नका. नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं इथल्या दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे गुन्हा आहे. कायद्याचा रोख आपल्या देवघरातल्या स्वस्तिकावर नाही, पण अंधाऱ्या जिन्यात ते बघून दचकलेल्या माणसाला हा फरक समजावण्याइतकं जर्मन तुमच्याकडे नाही. कमळ काढा, गोपद्मं काढा, लक्ष्मीची पावलं काढा. तीही उंबऱ्याच्या आत. आमच्या भागात ‘केअरवॉखं’ असते, म्हणजे जिना झाडायची आठवड्याची पाळी. तुमच्या रांगोळीची पूड दुसऱ्याच्या पाळीत पायऱ्यांवर सांडली, तर सगळ्या करंज्या वाटूनही ते भरून निघत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगते. करंजीला ‘टाइप ४०५’ लिहिलेलं पीठ म्हणजे आपला मैदा, पोळ्यांना १०५०. चाळीस टक्के फॅटचा क्वार्क (इथलं दह्यासारखं मऊ चीज) रात्रभर फडक्यात टांगला की उत्तम श्रीखंड होतं, चक्का शोधत फिरू नका. तूप म्हणून ‘बुटरश्माल्त्स’ चालतं. तळण आदल्या दिवशी खिडक्या उघडून उरका. इथं घराघरात धूर ओळखणारी यंत्रं सक्तीची आहेत, आणि त्यांना चिवड्याची फोडणी आणि आग यांतला फरक कळत नाही. पदार्थांपुढं चिठ्ठ्या ठेवा: शेंगदाणे आहेत, काजू आहेत, दूध आहे, तिखट आहे. आपल्याला हे दवाखान्यासारखं वाटतं, पण पाहुण्याला दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत आणि तुम्हाला दहा उत्तरं जुळवावी लागत नाहीत. आपली ‘कमी तिखट’ शेव त्यांच्या डोळ्यांत पाणी आणते, एवढं लक्षात ठेवा.

आता आग्रहाचं. माझ्या मते खरी अडचण इथं आहे, ती व्याकरणात नाही. आपलं पहिलं ‘नको’ म्हणजे ‘अजून एकदा विचारा’. दुसरं ‘नको’ म्हणजे ‘अर्धा चालेल’. त्यांचं ‘नाइन, डांके’ म्हणजे नको, विषय संपला. पहिल्या वर्षी समोरच्या दारच्या काकांच्या ताटलीत मी तीनदा लाडू वाढला. ते दर वेळी नको म्हणाले आणि दर वेळी लाडू संपवला, कारण हा पूजेचा भाग असून टाकता येत नाही असा त्यांचा समज झाला होता. रात्री जेवलेच नाहीत, असं नंतर कळलं. तेव्हापासून मी एकदाच विचारते आणि ताट मध्यभागी ठेवते. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही, "असं कसं, माणूस उपाशी जाईल" म्हणतात. उलट तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा भिडेखातर नको म्हणू नका. केक एकदाच पुढं येतो. लगेच ‘या, गेर्न’ (हो, आवडेल) म्हणा, नाहीतर घरी येऊन वरणभात लावावा लागेल.

पाहुण्यांना सोफ्यावर ओळीने बसवून दिवाळीची कथा सांगू नका. मी सांगितली आहे. नरकासुरापर्यंत पोचेतो सगळ्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलांची आज्ञाधारक मुद्रा होती. भाषा नसते तेव्हा माणसाला हाताला काम हवं. मी आता थोड्या करंज्या मुद्दाम भरायच्या ठेवते. सारण तयार, पाऱ्या लाटलेल्या, टेबलावर सगळं मांडलेलं. आलेल्या प्रत्येकाला एक पारी.

ज्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, त्या वर्षी खालच्या आजींनी आमचं कातण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, काही न बोलता उठल्या आणि जिना उतरून गेल्या. मला वाटलं काही चुकलं. दहा मिनिटांनी परत आल्या त्या स्वतःचं कातण घेऊन. लाकडी मुठीचं, पितळी चाकाचं, त्यांच्या आईचं. नाताळच्या बिस्किटांच्या कडा कापायला त्या ते वापरतात. मग दोघी शेजारी बसल्या. एक साताऱ्याच्या मराठीत आणि एक श्वेबिशमध्ये, पूर्ण वाक्यांत, एकमेकींना सूचना देत होत्या. मुरड घालायची कशी यावर त्यांचा मतभेदही झाला. निघताना सासूबाईंनी स्वतःच्या कपाळाकडे बोट करून भुवया उंचावल्या, आजींनी मान पुढं केली, कुंकू लागलं. त्या विधवा आहेत हे मी तेव्हा सांगितलं नाही. महिन्याभराने सांगितलं, तर सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं तेव्हा बोलली नाहीस."

दुभाष्याचं काम मुलांवर टाकू नका. शाळेमुळं त्यांना भाषा येते, म्हणून आपण दिवसभर त्यांना हाका मारतो. माझी लेक आठ वर्षांची असताना भर कार्यक्रमात न्हाणीघरात कडी लावून बसली होती. प्रत्येक पाहुण्याशेजारी थोडंफार जर्मन किंवा इंग्रजी येणारा एक मोठा माणूस नेमून द्या, आणि त्याला आधीच सांगा. नाहीतर स्वयंपाकघरात आठ मराठी माणसं जमून हसतात आणि बाहेर काका एकटे चकली चावत बसतात. आपसात मराठी बोलूच नये असं नाही, पण विनोद झाला तर कशावर झाला ते निदान एका वाक्यात सांगा. आणि भारतीय दिसला की हिंदी सुरू करू नका. माझ्या तमिळ सहकाऱ्याला माझ्या हिंदीपेक्षा माझं मोडकं जर्मन बरं कळतं.

लहान मुलांची काळजी नको. ११ नोव्हेंबरला इथं सेंट मार्टिनचा दिवस असतो, त्या सुमारास बालवाडीतली मुलं संध्याकाळी स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन गात फिरतात. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. आदल्या संध्याकाळी खालून कंदिलांची रांग चालली होती आणि वर आमच्या गॅलरीत आकाशकंदील लागला होता. दोन मुलं थेट वर आली, हा कसा केला ते बघायला.

पाहुणे बहुतेक वेळा फुलं किंवा वाइनची बाटली आणतात. लक्ष्मीपूजनाच्या घरात बाटली बघून तोंड पाडू नका. दोन्ही हातांनी घ्या, आभार माना, आत ठेवून द्या. गमी बेअरची, म्हणजे अस्वलाच्या आकाराच्या चिवट गोळ्यांची पाकिटं आली तर मुलांच्या हातात पडायच्या आत मागची बाजू वाचा, त्यात बहुधा डुकराचं जिलेटिन असतं.

डिसेंबरात परतीची आमंत्रणं येतील, बहुतेक ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या एखाद्या रविवारी दुपारी कॉफी आणि केकला. वेळेवर जा, बूट काढायचे का ते विचारा. २४ तारखेच्या संध्याकाळी मात्र कुणाच्या दारावर थाप मारू नका, ती घरच्यांची असते. दुकानंही त्या दिवशी दुपारीच बंद होतात आणि २५-२६ला सुट्टी, तेव्हा दूध २३लाच आणून ठेवा.

राहिला डब्यांचा विषय. फराळ स्टीलच्या डब्यात भरून दिलात तर डबा दुसऱ्याच दिवशी परत येईल, लखलखीत घासलेला आणि रिकामा. सासूबाईंना ते फार लागलं होतं. रिकामा डबा परत करू नये हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि दुसऱ्याचं भांडं तातडीने स्वच्छ करून द्यावं हे त्यांना. मी कधीतरी बोलता बोलता खालच्या आजींना हे सांगितलं. आता दिवाळीला गेलेला डबा डिसेंबर उजाडेपर्यंत येतच नाही. येतो तेव्हा व्हॅनिलाच्या चंद्रकोरी बिस्किटांनी भरलेला असतो, कडा अगदी करंजीसारख्या. झाकणाला नाव लिहून चिकटवा, कारण दुसऱ्या मजल्यावरून माझे दोन डबे अजून यायचे आहेत.