कसाव्याच्या खळीचं आदिरे: नक्षीपासून निळीपर्यंत

नैर्ऋत्य नायजेरियात, अबेओकुटा, इबादान आणि ओशोग्बो या शहरांत, योरुबा समाजाच्या बायका खळीनं नक्षी काढून कापड निळीत रंगवतात. या प्रकाराला आदिरे एलेको म्हणतात. नक्षी काढणारी ती अलादिरे आणि रंगवणारी ती अलारो, असे दोन वेगळे व्यवसाय होते.

आधी नक्षी ठरवा, कारण कापडाचा जीव तिच्यात आहे. लुंगीसारखं नेसायचं कापड चौकटींत विभागतात आणि प्रत्येक चौकटीत वेगळं चित्र काढतात. ‘इबादांदुन’ नक्षीत इबादानच्या मापो हॉल या नगरभवनाचे खांब आणि चमचे येतात. ब्रिटिश राजा पाचवा जॉर्ज याच्या राज्यारोहणाच्या १९३५ च्या रौप्यमहोत्सवानंतर राजा-राणीही आदिरेवर उमटले. आपलं गाव, आपला काळ कापडावर आणायची ही रीत आहे. म्हणून मापोचे खांब उचलू नका. तुमच्या गावची वेस, एसटी स्टँड, विहीर काढा. मूळ योरुबा नक्षीच वापरलीत, तर तिचं नाव आणि गाव सांगून वापरा.

कापड घट्ट विणीचं, गुळगुळीत सुती घ्या: पोपलिन किंवा कॅम्ब्रिक. विरळ विणीतून खळ पसरते. नव्या कापडाची कांजी गरम पाण्यानं आणि साबणानं पूर्ण काढा, नाहीतर रंग डागाडागानं बसतो.

खळीसाठी तिकडे कसाव्याचं पीठ वापरतात. आपला साबुदाणा याच कंदाचा, त्यामुळे टॅपिओका स्टार्च आपल्याकडेही मिळतो. १ वाटी स्टार्च, ५ वाट्या गार पाणी आणि १ चहाचा चमचा तुरटीपूड गुठळ्या न होऊ देता कालवा, मंद आचेवर घोटत शिजवा आणि मिश्रण पारदर्शक होऊन जड झालं की उतरवून गाळा. गार झाल्यावर दह्याइतकी दाट हवी. पातळ राहिली तर रेघ फुटते, फार घट्ट झाली तर वाळून पोपडा सुटतो.

कोंबडीच्या पिसानं एकाच बाजूवर रेघा काढा. पत्र्याचे साचेही चालतात, पण हाताच्या रेघेची लय त्यांत येत नाही. मग उन्हात कडकडीत वाळवा. आतून ओली राहिलेली खळ निळीत विरघळते. सगळ्यात जास्त कापडं इथेच बिघडतात.

पारंपरिक नीळ एलू नावाच्या वनस्पतीच्या पानांची, राखेच्या पाण्यात आंबवलेली असते. घरी १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम नीळपूड, १०० ग्रॅम विझवलेला चुना आणि १५० ग्रॅम फ्रुक्टोज (फळांतली साखर) घ्या. पाणी साधारण ५० अंशांवर ठेवून ढवळा, मग झाकून ठेवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना कातडी भाजतो. वर तांबूस साय आणि खाली पिवळट हिरवं पाणी दिसलं की नीळ तयार. पाणी निळंच राहिलं तर थोडं फ्रुक्टोज वाढवा. रंगवण्याआधी ती पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम पाण्यात खळ सुटते.

कापड न चोळता, तळाचा गाळ न हलवता २ मिनिटं बुडवा. बाहेर काढून १५ मिनिटं हवेत धरा, हिरवं कापड निळं होतं. असं ६ ते ८ वेळा करा. एकदाच खूप वेळ बुडवल्यानं रंग गडद होत नाही, उलट खळ मऊ पडते. गडदपणा फेऱ्यांनीच येतो.

कापड वाळल्यावर खळ बोथट सुरीनं खरवडा आणि उरलेली गार पाण्यात भिजवून काढा. खळीखाली फिकट निळी रेघ दिसेल, कारण खळ रंग पूर्ण अडवत नाही. हा दोष समजू नका. गडद निळ्यावर फिकट निळं हेच एलेकोचं सौंदर्य आहे. स्वच्छ पांढरी रेघ हवी असेल तर खळीऐवजी मेणानं नक्षी काढा. मागची बाजू मात्र जवळजवळ पूर्ण निळीच निघेल.

शेवटी बादलीभर पाण्यात पाव वाटी व्हिनेगर घालून कापड खळबळा. चुन्याचा अंश राहिला तर कापड खरखरीत राहतं. सावलीत वाळवा आणि पहिले काही धुवे वेगळे करा.