रिफकडून चालीकडे
मेटॅलिका या हेवी मेटल बँडचं १९९१चं ‘नथिंग एल्स मॅटर्स’ हे संथ गाणं त्यांचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डने मुळात स्वतःपुरतं लिहिलं होतं. तुमच्या बँडलाही रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) सोडून अशा चालीकडे वळायचं असेल, तर आधी डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद करा. गिटारची सहावी, तिसरी, दुसरी, पहिली तार मोकळीच छेडा. डाव्या हाताला कामच नाही. सहा मात्रांचा संथ ठेका धरा. या मोकळ्या तारांतून ई मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तयार होते; त्या घुमत्या कॉर्डवर चाल नुसती गुणगुणा, शब्द नंतर. शब्द एकाच माणसाशी बोलणारे हवेत, नाहीतर गाण्याची घोषणा होते. खरा घोळ ड्रममुळे होतो: सुरुवातीलाच जोरात वाजले की गायक आवाज चढवतो आणि चाल ओरडण्यात हरवते. पहिलं कडवं ड्रमशिवायच ठेवा. पट्टी चढी वाटली तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा, गळा ताणू नका.