बडोद्याहून हिमालयात शिखर करायचंय? आधी सुट्टीचे दिवस मोजा

दिवाळी झाली की दांडिया बाजार, मांजलपूरकडची ट्रेकवाली मंडळी पुढच्या उन्हाळ्याचं ठरवायला बसतात आणि पहिला प्रश्न येतो "कुठलं शिखर?" माझं मत आहे की पहिला प्रश्न "सुट्टी किती दिवस?" हाच पाहिजे, शिखर त्यावरून ठरतं.

कारण आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, आणि दिल्लीहून विमानाने लेहला उतरलात की थेट ३,५०० मीटर. साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच, आणि शरीराला ते जमवून घ्यायला वेळ लागतोच, तुम्ही रोज कमाटीबागेत कितीही पळत असाल तरी. नियम सोपा आहे, ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम. दिवसा वर चढून या, झोपायला खाली या.

आता हा नियम हातात घेऊन कुठल्याही कंपनीचा प्लॅन तपासा, बरंच काही उघडं पडतं. युनामचं उदाहरण घ्या, ६,१०० मीटरच्या वरचं शिखर, मनाली-लेह रस्त्याला लागूनच, त्यामुळे प्लॅन छोटे आणि स्वस्त असतात, पण जिस्पाला ३,२०० वर झोपून दुसऱ्या दिवशी गाडीने त्याच रस्त्यावरच्या भरतपूरला ४,७०० च्या आसपास नेऊन टाकलं तर एका रात्रीत दीड हजार मीटर झाले ना! असा प्लॅन कितीही स्वस्त असो, नको. मधे दोन रात्री वाढवून देतात का विचारा, नाहीतर दुसरी कंपनी बघा.

पहिल्यांदाच जाणार असाल आणि आठ-दहा दिवसच असतील तर मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५,२८९ मीटर, मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. सोपं समजू नका, शेवटच्या दिवशी हजार मीटरच्या वर चढ आहे, तोही बर्फात क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे काटे) घालून. दोन आठवडे असतील तर लडाखमधलं कांग यात्से २, मारखा व्हॅलीतून चालत गेलात तर उंची आपोआप हळूहळू वाढते, जुलै ते सप्टेंबर. स्टोक कांग्री विचारू नका, गावकऱ्यांनी २०२० मध्ये ते बंद केलं. आणि तीन आठवडे मिळाले तर नेपाळमधलं आयलंड पीक, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, आपल्याला व्हिसा लागत नाही पण विमानाने जाताना आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा व्होटर आयडी घ्या.

कंपनीला फोन कराल तेव्हा जेवणाचा मेनू नंतर विचारा. आधी हे विचारा की शिखराच्या दिवशी किती जणांमागे एक गाइड, त्याने पर्वतारोहणाचा कुठला कोर्स केलाय, राखीव दिवस आहे का, बेस कॅम्पला ऑक्सिजन सिलेंडर आणि स्ट्रेचर असतो का, पोर्टरचा विमा काढलाय का, त्यांना बूट-जॅकेट कोण देतं. पोर्टरच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याबरोबर मी तरी जाणार नाही. परवानगी शिखराप्रमाणे वेगवेगळी असते, कुठे आयएमएफची (इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन), कुठे वनखात्याची, नेपाळमध्ये नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशनची, पैसे भरायच्या आधी कोणती लागते ते लिहून मागा.

तयारीला आपला पावागड आहेच. रोपवेकडे बघायचं नाही, पहाटे निघून खाली चांपानेरपासून चालत कालिकामातेपर्यंत, पाठीवर आठ-दहा किलो, आणि उतरायचंही पायीच कारण गुडघे उतरतानाच बोलतात. चार-पाच महिने, दर रविवारी. पण हे लक्षात घ्या की पावागड आठशे मीटरच्या आसपास, त्याने पाय आणि दम तयार होतो, उंचीची सवय नाही. दोरीचं काम शिकायला माउंट आबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहे, तिथे रॉक क्लायंबिंग शिकवतात, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), गाठी, रॅपलिंग (दोरीवरून खाली उतरणं) सगळं हाताखालून जातं. आणि मनापासून यातच पडायचं असेल तर उत्तरकाशीच्या निमचा (नेहरू पर्वतारोहण संस्था) किंवा मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा बेसिक कोर्स, जवळपास चार आठवडे.

बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स भाड्याने घ्या पण क्रॅम्पॉन त्याच बुटावर लावून, चालून बघा. चांगला गॉगल आणि आतले मोजे स्वतःचेच. वर भूक मरते म्हणून भाकरवडी, चिक्की, थेपले असं आवडीचं काहीतरी ठेवा. लडाखला आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय अजिबात नेऊ नका, भारतात अटक होऊ शकते. विम्यात किती मीटरपर्यंत कव्हर आहे आणि दोरी लावून चढणं त्यात येतं का हे बारीक अक्षरात वाचा, नुसत्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक नसतं.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरला विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. डोकेदुखी, मळमळ लपवू नका, गाइडला सांगा आणि वर जायचं थांबवा. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालता येत नसेल तर रात्र असली तरी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आणि परतीचं तिकीट शिखराच्या तारखेला चिकटून काढू नका, मनालीचा रस्ता पावसात बंद पडतो, लेहची विमानं रद्द होतात. दोन दिवस मोकळे ठेवूनच दिल्ली-बडोदा राजधानी बुक करा, आणि ऑफिसात सुट्टी टाकताना तेही दोन दिवस धरूनच टाका.